टेलिटाइपपासून नोडपर्यंत : जावास्क्रिप्टमधील टर्मिनल इनपुट-आउटपुटचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा :

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये वेबपृष्ठांसाठी जन्मास आली. आज तिच्यात लिहिलेले असंख्य प्रोग्राम काळ्या पडद्यावरील टर्मिनलमध्ये चालतात. या प्रोग्रामांना वापरकर्त्याचे उत्तर घेण्यासाठी व त्यास उत्तर देण्यासाठी जी व्यवस्था वापरावी लागते, ती मात्र भाषेपेक्षा कितीतरी जुनी आहे. टेलिटाइप यंत्र, युनिक्स प्रणाली व पडद्याचे टर्मिनल या तीन टप्प्यांत ती घडली. प्रस्तुत निबंधात या वारशाचा मागोवा घेतला असून, त्यातील एका गृहीतकामुळे मराठी मजकुराची जी गैरसोय होते तिचे ऐतिहासिक मूळ शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : टर्मिनल, टेलिटाइप, युनिक्स, जावास्क्रिप्ट, नोड, देवनागरी.

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रांचा वेग, त्यांचा आकार आणि त्यांची किंमत यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. माणूस यंत्राशी ज्या वाटेने बोलतो त्या वाटेचा इतिहास मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. ही वाट रोजच्या वापराची असल्याने तिला इतिहास असेल, असेच कोणास वाटत नाही.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे. संगणकशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकाच्या तासाला बसण्याचा योग आला असता एक साधा प्रसंग पाहावयास मिळाला आणि या निबंधाचा विषय तेथेच सुचला. विद्यार्थ्यांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहावयाचा होता. प्रोग्रामने गावाचे नाव विचारावे आणि ते उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटीत छापावे, एवढेच काम. ज्यांनी गावाचे नाव रोमन लिपीत लिहिले त्यांची चौकट सरळ आली. एका विद्यार्थिनीने देवनागरीत ‘पुणे’ असे लिहिले. तिच्या चौकटीची उजवी रेघ दोन घरे आत सरकली. तिने प्रोग्राम पुनःपुन्हा तपासला, शेजारणीच्या प्रोग्रामशी ताडून पाहिला. दोहोंत काहीही फरक नव्हता. शेवटी तिनेही रोमन लिपीत नाव लिहिले आणि वहीवर सही घेतली.

तिची चूक कोठे झाली, हा प्रश्न संगणकशास्त्राचा आहे. ही चूक तिच्यापर्यंत कोठून आली, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) टर्मिनलच्या इनपुट-आउटपुट व्यवस्थेच्या जडणघडणीचे टप्पे पाहणे.
२) इनपुट-आउटपुटची कोणतीही सोय नसलेल्या जावास्क्रिप्ट भाषेने ही व्यवस्था कशी स्वीकारली, हे तपासणे.
३) या व्यवस्थेतील गृहीतके आणि देवनागरी लेखन यांतील विसंगतीचा उलगडा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. यंत्रांची व प्रणालींची माहितीपत्रके, मानकांचे दस्तऐवज आणि भाषेच्या आवृत्त्यांच्या नोंदी ही अशा इतिहासाची साधने होत. राजकीय इतिहासात सनदा व बखरी यांचे जे स्थान, तेच येथे मानकांना व माहितीपत्रकांना द्यावे लागते.

१. टेलिटाइपचा वारसा :

टर्मिनलचा इतिहास पडद्यापासून सुरू होत नाही. तो कागदापासून सुरू होतो. टेलिटाइप कॉर्पोरेशनने १९६३ मध्ये ‘मॉडेल ३३’ हे यंत्र बाजारात आणले. तारायंत्राच्या परंपरेतील हे यंत्र कळफलकावरून आलेली अक्षरे तारेवरून पाठवी आणि तारेवरून आलेली अक्षरे कागदाच्या गुंडाळीवर छापी. त्याचा वेग सेकंदास दहा अक्षरे इतका होता. त्यावर इंग्रजीची केवळ मोठी अक्षरे उमटत. याच वर्षी अमेरिकेत ‘अ‍ॅस्की’ हे अक्षरसंकेतांचे मानक प्रसिद्ध झाले व मॉडेल ३३ त्याप्रमाणे चालणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी एक ठरले. संगणकाशी जोडण्यास ते इतर यंत्रांच्या मानाने स्वस्त असल्याने अनेक प्रयोगशाळांत त्याचा प्रवेश झाला.

या यंत्राच्या हालचालींचे ठसे आजच्या प्रोग्रामांत जसेच्या तसे आढळतात. ओळ संपली की यंत्राला दोन वेगवेगळी कामे करावी लागत. छापणारा भाग डावीकडे परत नेणे हे पहिले काम. कागद एक ओळ वर सरकवणे हे दुसरे. या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र संकेत ठरले. पुढे मल्टिक्स व तिच्या मागोमाग युनिक्स या प्रणालींनी ओळ संपल्याचे दर्शविण्यास एकच संकेत पुरेसा मानला. डॉस व नंतर विंडोज या प्रणालींनी मात्र दोन्ही संकेत कायम ठेवले. एका यंत्राच्या दोन हालचालींतून दोन घराणी निर्माण झाली.

ओळी वाचण्यासाठी नोडमध्ये ‘रीडलाइन’ नावाचा विभाग आहे. त्यात आजही या जोडगोळीसाठी एक स्वतंत्र सेटिंग असून तिचे मूल्य आपोआप शंभर मिलिसेकंद धरले जाते. पहिला संकेत आल्यावर एवढ्या अवधीत दुसरा आला तर दोन्ही मिळून एक ओळ संपली असे समजावे. उशीर झाला तर दोन ओळी समजाव्यात, असा तिचा अर्थ. ज्याने टेलिटाइप कधी पाहिला नाही, अशा प्रोग्रामरलाही त्याच्या दांड्याचे आणि गुंडाळीचे भान असे ठेवावे लागते.

‘टीटीवाय’ हे संक्षिप्त नावही याच यंत्राचे. युनिक्समध्ये टर्मिनलला आजतागायत याच नावाने ओळखले जाते आणि आपले आउटपुट टर्मिनलवर जात आहे की नाही, हे जावास्क्रिप्टच्या प्रोग्रामला ज्या गुणधर्मावरून कळते त्याचे नाव ‘इजटीटीवाय’ असेच आहे.

२. युनिक्स आणि तीन प्रवाह :

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्सची पायाभरणी केली. इनपुट आणि आउटपुट या बाबतीत या प्रणालीने घेतलेले निर्णय दूरगामी ठरले. टर्मिनल, फाइल किंवा अन्य साधन यांत प्रोग्रामने भेद करू नये. वाचणे व लिहिणे या दोनच क्रिया सर्वांना लागू व्हाव्यात, हे त्यातील सूत्र होय.

डग्लस मॅकिलरॉय यांनी एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडण्याची कल्पना १९६४ मध्येच लेखी मांडली होती. १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पाइप’ या नावाने ती युनिक्समध्ये नोंदली गेली. परंतु या सोयीने एक जुनी अडचण असह्य केली. प्रोग्रामचे उत्तर आणि त्याची तक्रार हे दोन्ही एकाच वाटेने जात असत. उत्तर फाइलकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवले की तक्रारही त्याच्याबरोबर जाई व वापरकर्त्याला ती दिसतच नसे. सहाव्या आवृत्तीनंतर, म्हणजे १९७५ नंतर, रिची यांनी तक्रारींसाठी तिसरा स्वतंत्र प्रवाह निर्माण केला. शून्य क्रमांकाचा इनपुटचा, एक क्रमांकाचा आउटपुटचा व दोन क्रमांकाचा त्रुटींचा, अशी ही त्रयी तेव्हापासून रूढ झाली. जावास्क्रिप्टमधील ‘कन्सोल.लॉग’ आणि ‘कन्सोल.एरर’ या दोन आज्ञा नोडमध्ये नेमक्या याच पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवाहांत लिहितात. दोन्हींचा मजकूर पडद्यावर शेजारी दिसत असला तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

युनिक्सने आणखी एक मध्यस्थ नेमला. वापरकर्त्याने दाबलेली कळ थेट प्रोग्रामकडे जात नाही. प्रणाली ती आधी स्वतःजवळ ठेवते, चुकलेले अक्षर खोडू देते आणि एंटर दाबल्यावर संपूर्ण ओळ प्रोग्रामच्या स्वाधीन करते. या पद्धतीला इंग्रजीत गमतीने ‘शिजवलेली’ आणि प्रत्येक कळ तत्काळ देणाऱ्या पद्धतीला ‘कच्ची’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. आरंभीच्या युनिक्समध्ये अक्षर खोडण्यासाठी ‘#’ आणि संपूर्ण ओळ रद्द करण्यासाठी ‘@’ ही चिन्हे होती. कागदावर छापलेले अक्षर पुसता येत नसल्याने ते खोडले आहे अशी खूण छापण्यापलीकडे काही करणे शक्यच नव्हते. ‘कंट्रोल-सी’ दाबून प्रोग्राम थांबवणे आणि ‘कंट्रोल-डी’ दाबून इनपुट संपल्याचे कळवणे, या आजच्या सवयीही अ‍ॅस्कीतील नियंत्रक संकेतांच्याच वंशातल्या आहेत. नोडमध्ये टर्मिनलला कच्च्या पद्धतीवर नेणारी ‘सेटरॉमोड’ ही आज्ञा वापरली की मध्यस्थ बाजूला होतो आणि कंट्रोल-सी हीसुद्धा इतर कळांसारखी एक साधी कळ होते. अशा वेळी तिची दखल प्रोग्रामरनेच घ्यावी लागते. नवशिका ते विसरतो आणि स्वतःच्याच प्रोग्रामात अडकून पडतो.

३. कागदाकडून पडद्याकडे :

पडदा आल्यावर पुसणे शक्य झाले, आणि लिहिणारा बिंदू हवा तेथे नेणेही. पण प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची आज्ञांची भाषा निराळी होती. बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास विविध टर्मिनलांच्या आज्ञांची नोंद ठेवणारी ‘टर्मकॅप’ ही व्यवस्था तयार केली, ती यामुळेच. त्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘व्हीटी-१००’ हे टर्मिनल आणले. त्यावर २४ ओळी व प्रत्येक ओळीत ८० घरे होती. ऐंशी हा आकडा टर्मिनलचा स्वतःचा नव्हता, आय.बी.एम.च्या १९२८ मधील छिद्रपत्रावर ऐंशी स्तंभ होते, त्याचा तो वारसा होता.

व्हीटी-१०० ने नव्या मानकाप्रमाणे एस्केप संकेताने सुरू होणारे क्रम स्वीकारले. युरोपात ‘एक्मा-४८’ हे मानक १९७६ मध्ये व अमेरिकेत त्याचे भावंड १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. एस्केप, त्यामागे चौकटी कंस, त्यामागे एखादा आकडा व एक अक्षर, अशी या क्रमांची घडण असते. आकडा ३१ असेल तर पुढील मजकूर तांबडा दिसतो. विंडोजच्या कन्सोलला ही भाषा दीर्घकाळ परकी होती. २०१५-१६ च्या सुमारास विंडोज १० मध्ये तिची सोय झाली. तोपर्यंत नोडच्या अंतरंगातील ‘लिबयूव्ही’ हा भाग हे क्रम विंडोजच्या स्वतःच्या आज्ञांत बदलून देत असे. आज जावास्क्रिप्टचा प्रोग्राम टर्मिनलवर हिरवी बरोबरची खूण किंवा तांबडी फुली उमटवतो, तेव्हा तो १९७० च्या दशकातील टर्मिनलांचीच बोली बोलत असतो.

या टप्प्यावर एक गृहीतक पक्के झाले. पडदा म्हणजे सारख्या मापाच्या घरांचा पट आणि प्रत्येक घरात एक अक्षर. इंग्रजीसाठी हे गृहीतक निर्दोष होते. म्हणूनच ते गृहीतक आहे, हे दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात आले नाही.

४. दारे-खिडक्या नसलेली भाषा :

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. भाषेची घोषणा त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी झाली आणि जून १९९७ मध्ये ‘एक्मा-२६२’ हे तिचे मानक प्रसिद्ध झाले. या मानकाचे एक वैशिष्ट्य इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भाषेबाहेरून माहिती घेण्याची किंवा भाषेबाहेर उत्तर देण्याची कोणतीही तरतूद त्यात नाही, व हे मानकातच स्पष्ट केले आहे. सी भाषेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात छापण्याची आज्ञा भेटते. जावास्क्रिप्टच्या मानकात तशी आज्ञाच नाही. ती ज्या घरात राहील त्या घराने तिला दारे-खिडक्या पुरवाव्यात, अशी ही रचना होती. ब्राउझरने तिला ‘अलर्ट’ व ‘प्रॉम्प्ट’ या खिडक्या दिल्या.

ब्राउझरबाहेर पडण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. नेटस्केपमध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रायनो’ या जावामधील आवृत्तीला छापण्यासाठी ‘प्रिंट’ ही आज्ञा होती. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ने जावास्क्रिप्टचाच अवतार असलेली ‘जेस्क्रिप्ट’ विंडोजवर चालवली. छापण्यासाठी तिची ‘एको’ ही आज्ञा निराळीच होती. आज सर्वत्र रूढ असलेली ‘कन्सोल.लॉग’ ही आज्ञा ज्यो हेविट यांच्या २००६ मधील ‘फायरबग’ या साधनामुळे लोकप्रिय झाली. म्हणजे टर्मिनलवर छापण्याची आजची नेहमीची आज्ञा मुळात ब्राउझरमधील दोष शोधण्यासाठी घडलेली होती. प्रत्येक घराच्या खिडक्या वेगळ्या असल्याने एका घरातील प्रोग्राम दुसऱ्या घरात चालत नसे. हे अराजक संपावे म्हणून केव्हिन डँगूर यांनी जानेवारी २००९ मध्ये जो उपक्रम सुरू केला, तो पुढे ‘कॉमनजेएस’ या नावाने ओळखला गेला.

५. नोड : न थांबता विचारायचे कसे?

रायन डाल यांनी २००९ मध्ये ‘नोड’ तयार केले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी बर्लिन येथील परिषदेत ते जाणकारांसमोर मांडले. गूगलने आदल्या वर्षी खुले केलेले ‘व्ही-८’ हे जावास्क्रिप्टचे वेगवान इंजिन त्यांनी आधारास घेतले. त्यांचा मुख्य आक्षेप होता तो थांबण्यावर. प्रोग्राम डिस्ककडे किंवा जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाकडे काही मागतो आणि उत्तर येईपर्यंत हात जोडून उभा राहतो. हा वेळ वाया जातो. त्याऐवजी मागणी नोंदवावी, उत्तर आल्यावर काय करायचे ते सांगून ठेवावे आणि पुढच्या कामाला लागावे, हे नोडचे तत्त्व. जावास्क्रिप्टमध्ये इनपुट-आउटपुटची पूर्वपरंपरा नसल्याने थांबण्याची सवयही नव्हती. भाषेतील उणीव येथे तिची पात्रता ठरली.

सेवा पुरवणाऱ्या संगणकासाठी हे तत्त्व उत्तम होते. टर्मिनलवरील साध्या प्रश्नोत्तरासाठी मात्र ते अवघड ठरले. नाव विचारा, थांबा, नाव छापा, हा क्रम सी भाषेत ज्या क्रमाने लिहावा त्याच क्रमाने घडतो. नोडमध्ये ‘रीडलाइन’च्या ‘क्वेश्चन’ या आज्ञेला प्रश्न द्यावा लागे आणि उत्तर आल्यावर चालवायचे फलनही द्यावे लागे. प्रोग्राम न थांबता पुढच्या ओळीवर जाई. छापण्याची ओळ फलनाबाहेर लिहिली तर उत्तर येण्यापूर्वीच ती चाले आणि नावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ असे उमटे. पाच प्रश्न विचारायचे तर पाच फलने एकात एक गुंफावी लागत.

या अडचणीचे निरसन टप्प्याटप्प्याने झाले. भाषेच्या २०१५ च्या आवृत्तीत ‘प्रॉमिस’ आले, २०१७ च्या आवृत्तीत ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द आले आणि ऑक्टोबर २०२१ मधील नोडच्या १७ व्या आवृत्तीत ‘रीडलाइन’ची प्रॉमिसवर आधारित शाखा दाखल झाली. ‘अवेट’ लिहून एका ओळीत प्रश्न विचारावा व पुढच्या ओळीत उत्तर वापरावे, ही सोय नोडच्या स्वतःच्या विभागात यावयास अशा रीतीने बारा वर्षे लागली. दरम्यान डाल यांनीच २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘डेनो’ या नव्या प्रणालीत २०२० मध्ये ब्राउझरमधील जुनी ‘प्रॉम्प्ट’ ही आज्ञा टर्मिनलवर आणण्यात आली. ती उत्तर मिळेपर्यंत सरळ थांबते. थांबण्याला दोष देऊन सुरू झालेली वाटचाल, माणसाशी बोलायचे तर थांबावे लागते, या जुन्याच अनुभवाशी येऊन पोहोचली.

आउटपुटच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. नोडमध्ये लिहिलेला मजकूर तत्काळ जातो की सवडीने, हे तो फाइलकडे जातो, टर्मिनलकडे जातो की पाइपकडे, यावर आणि मूळ प्रणालीवर अवलंबून असते. त्यामुळे लिहून होताच प्रोग्राम सक्तीने बंद केला तर काही वेळा शेवटचा मजकूर वाटेतच राहतो. भेद करू नये हे युनिक्सचे सूत्र प्रोग्रामरच्या हाती येईपर्यंत काहीसे विरून जाते, ते असे.

६. मराठी अक्षर आणि टर्मिनलचे घर :

आता प्रारंभीच्या प्रसंगाकडे वळणे इष्ट ठरेल. त्यासाठी ‘नमस्कार’ हा एकच शब्द उदाहरणादाखल घेऊ. वाचकाला त्यात न, म, स्का, र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये स, हलन्ताचे चिन्ह, क आणि काना हे चार निरनिराळे घटक असल्याने एकूण सात घटक होतात. जावास्क्रिप्टला या शब्दाची लांबी विचारली तर ती सात सांगते. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचलेल्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असतो. म्हणून प्रवाहातून या शब्दाचे एकवीस बाइट जातात. टर्मिनलचा हिशेब चौथाच असतो. या शतकाच्या आरंभी मार्कुस कून यांनी घरांची गणना करणारे जे फलन प्रसृत केले, त्याच्या नियमाप्रमाणे अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या मात्रा, उकार, हलन्त यांना शून्य घरे आणि काना किंवा वेलांटी यांसारख्या जागा व्यापणाऱ्या चिन्हांना एक घर मिळते. त्या हिशेबाने ‘नमस्कार’ सहा घरांचा होतो. शब्द एक, पण गणना एकवीस, सात, सहा आणि चार.

‘पुणे’ या शब्दात चार घटक आहेत. उकार व मात्रा यांना घर नसल्याने टर्मिनलच्या लेखी तो दोनच घरांचा. विद्यार्थिनीने नाव दहा घरांत बसवण्यासाठी भाषेतील ‘पॅडएंड’ ही आज्ञा वापरली होती. तिने लांबी चार धरून सहा रिकाम्या जागा जोडल्या. टर्मिनलवर दोन अधिक सहा अशी आठच घरे भरली आणि उजवी रेघ दोन घरे आत आली. प्रोग्राम बिनचूक होता. चुकले ते एक घर म्हणजे एक अक्षर हे गृहीतक, आणि ते तिच्या जन्मापूर्वीचे होते.

मजकुराला रिकाम्या जागा जोडण्याच्या या क्षुल्लक वाटणाऱ्या कामालाही इतिहास आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने ‘एनपीएम’ या भांडारातून काढून घेतले आणि त्यावर विसंबून असलेले असंख्य प्रकल्प काही काळ ठप्प झाले. डावीकडून व उजवीकडून जागा जोडण्याच्या आज्ञा भाषेच्या २०१७ च्या आवृत्तीत समाविष्ट झाल्या. त्यांचा विचार आधीपासून सुरू होता, हे खरे. परंतु त्याही घरे मोजत नाहीत, घटक मोजतात. जगभर गाजलेल्या या प्रकरणातून इंग्रजीचा प्रश्न सुटला. मराठीचा तसाच राहिला.

इनपुटच्या बाजूला दुसरी अडचण आहे. मोठी फाइल प्रवाहातून तुकड्यांनी येते आणि नोडमध्ये असा तुकडा सामान्यतः ६५,५३६ बाइटांचा असतो. या संख्येला तीनने भागल्यास बाकी एक उरते. केवळ देवनागरी घटकांनी भरलेला मजकूर असेल तर पहिल्याच तुकड्याच्या अखेरीस एक घटक मधोमध तुटतो. प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र वाचन केल्यास तेथे प्रश्नचिन्हाच्या चौकोनासारखी खूण उमटते. प्रवाहाला ‘यूटीएफ-८’ ही पद्धत आधीच कळवली तर नोड अपुरे बाइट राखून ठेवते व पुढच्या तुकड्याशी जोडते. इंग्रजी मजकुराने चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. याच कारणाने लिनक्समध्ये २००४ पर्यंत शिजवलेल्या पद्धतीत खोडण्याची कळ एका वेळी एकच बाइट खोडत असे. तीन बाइटांचा घटक अर्धवट खोडला जाई. त्या वर्षी यासाठी स्वतंत्र खूणगाठ प्रणालीत समाविष्ट झाली.

भारतीय लिप्या टर्मिनलवर याव्यात यासाठी प्रयत्न झालेच नाहीत, असे मात्र नाही. आय.आय.टी. कानपूर येथे आकारास आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत विकसित झाले. जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकावर डॉसमधील मजकुराचे प्रोग्राम देवनागरी व अन्य भारतीय लिप्या दाखवू शकत. ‘इस्की’ हे भारतीय संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले आणि त्याच्या १९८८ च्या आराखड्यावर युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी बेतली गेली. म्हणजे संकेतांच्या पातळीवर येथील अभ्यासकांचे कार्य जगाच्या मानकात सामावले गेले. घरांचा पट मात्र जुनाच राहिला.

अलीकडच्या काळात परिस्थिती बदलू लागली आहे. मजकुराचे वाचकाच्या दृष्टीने तुकडे करणारी ‘इंटल.सेगमेंटर’ ही सोय २०२१ पासून नोडमध्ये उपलब्ध आहे. आरंभी ती ‘नमस्कार’ची न, म, स्, का, र अशी पाच शकले करी. सप्टेंबर २०२३ मधील युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम जोडला. त्या नियमाने चालणाऱ्या आवृत्तीत हा शब्द चार अक्षरांचा होतो. शाळेतील मूल जे उत्तर बोटांवर मोजून देते, ते उत्तर जागतिक मानकाला द्यावयास युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून बत्तीस वर्षे लागली.

निष्कर्ष :

१) जावास्क्रिप्टची टर्मिनल व्यवस्था ही भाषेची स्वतःची निर्मिती नसून टेलिटाइप, युनिक्स व पडद्याचे टर्मिनल यांच्याकडून आलेला थरांथरांचा वारसा आहे.
२) मानकात इनपुट-आउटपुटची तरतूद नसल्यामुळे ही भाषा वेगवेगळ्या घरांत नांदू शकली, पण त्यामुळेच साध्या प्रश्नोत्तराची सोय स्थिर होण्यास दीर्घ काळ लागला.
३) देवनागरी मजकुराबाबत येणारे दोष बहुधा प्रोग्रामरच्या निष्काळजीपणाचे नसून एक बाइट, एक अक्षर, एक घर या जुन्या समीकरणाचे आहेत.
४) बाइट, घटक, घर व अक्षर या चार गणनांतील भेद प्रात्यक्षिकात आरंभीच शिकवणे आणि प्रत्येक प्रोग्रामची चाचणी एखाद्या मराठी शब्दाने घेणे सहज शक्य आहे. त्यास वेगळा खर्च लागत नाही.

समारोप :

इतिहासाच्या अभ्यासाचा उपयोग काय, असा प्रश्न विज्ञान शाखेचे विद्यार्थी नेहमी विचारतात. प्रस्तुत विषयापुरते उत्तर असे देता येईल की, इतिहास माहीत नसला तर यंत्राची जुनी सवय आपलीच चूक वाटू लागते. त्या विद्यार्थिनीने गावाचे नाव रोमन लिपीत लिहून चौकट सरळ केली, त्यावेळी साठ वर्षांपूर्वीच्या एका यंत्रासाठी तिने आपली लिपी बाजूला ठेवली होती. पुढील तासाला तिला घरांची गणना करून रिकाम्या जागा जोडण्याची रीत दाखवण्यात आली. तिने प्रोग्रामात दोन ओळी वाढवल्या आणि देवनागरीतील ‘पुणे’ सरळ चौकटीत बसले. प्रात्यक्षिकाच्या वहीत तिने आधीच्या पानावर काट मारली नाही. त्याखाली दुसरी चौकट चिकटवली.